नमुना सोबत जोडला आहे : दुकानाच्या वेबसाईटवरील ई-मेल फॉर्म आणि फाईल जोडण्याची सोय

कापडाचा धंदा हा डोळ्यांचा आणि बोटांचा धंदा आहे. गिऱ्हाईक दुकानात येते, ताका उलगडायला लावते, कापड दोन बोटांत धरून चोळते, बाहेर उजेडात नेऊन पाहते आणि मग भाव विचारते. यवतमाळात बसून आम्ही इतकी वर्षे हेच पाहत आलो. ज्याला येणे जमत नसे तो चिठ्ठीबरोबर कापडाचा तुकडा पाठवी. चिठ्ठीला टाचणीने टोचलेला तो दोन बोटे रुंदीचा तुकडा म्हणजे निम्मा सौदाच असे.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे पत्रलेखनाच्या तासाला 'मुन्सलिक' हा शब्द घोटून घेत. मुन्सलिक म्हणजे जोडलेले. मराठी कचेऱ्यांत त्यालाच 'सोबत जोडले आहे' असे लिहितात. शब्द कोणताही असो, व्यवहार एकच. पत्र पोहोचले आणि जोड वाटेत गळाली, तर ते पत्र असून नसल्यासारखे.

आता दुकानाची वेबसाईट झाली. तिच्यावर 'चौकशी करा' असा फॉर्म असतो : नाव, गाव, मोबाईल, मजकूर आणि खाली 'पाठवा' असे बटण. बटण दाबले की मजकूर ई-मेल होऊन दुकानदाराला मिळतो. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी अनेकांनी असे फॉर्म लावून घेतले आहेत. परंतु त्यातल्या बऱ्याच फॉर्मना ती जुनी टाचणी नाही, म्हणजेच फोटो किंवा कागद जोडण्याची सोय नाही. काहींनी सोय केली आहे, पण जोड खरोखर पोहोचते की नाही हे कधी पाहिलेले नाही. या दोन्ही चुका आम्ही केल्या आहेत आणि दोन्हींची किंमत मोजली आहे, म्हणून हा लेख.

शब्दांनी रंग कळत नाही

दारव्हा तालुक्यातील एका टेलर मास्टरांना शाळेच्या गणवेशाचे काम मिळाले होते. त्यांनी आमच्या फॉर्मवर लिहिले : 'फिकट निळी बारीक चौकडी, शर्टिंग, १८० मीटर.' आमच्याकडे फिकट निळ्या बारीक चौकडीचे तीन प्रकार होते. जो सर्वांत जास्त जातो तो आम्ही पाठवला. मास्टरांनी पार्सल रात्री उघडले, ट्यूबलाइटच्या उजेडात ठीक वाटले आणि कापणीला घेतले. सकाळी शाळेचा जुना शर्ट शेजारी ठेवला तेव्हा कळले की चौकडीची रेघ जाड आहे आणि निळ्यात हिरवट झाक आहे. तोवर चाळीस मीटर कापड कापून झाले होते.

चूक कोणाची? मास्टरांनी खोटे लिहिले नव्हते आणि आम्हीही फसवले नव्हते. नुकसान आम्ही निम्मे निम्मे वाटून घेतले. परंतु मास्टर जाता जाता म्हणाले, "सेठ, पूर्वी चिठ्ठी पाठवायचो तेव्हा तुकडा टोचता यायचा. तुमच्या या फॉर्मला टोचायची जागाच नाही." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

नाव आले, फोटो नाही

आमचा भाचा वेबसाईटचे काम पाहतो. त्याने दोन दिवसांत फॉर्मवर 'फोटो जोडा' असे बटण बसवले. बटण दाबले की मोबाईलमधले फोटो दिसत, निवडले की नाव उमटे आणि 'पाठवा' दाबल्यावर 'धन्यवाद' येई. आम्ही समाधान पावलो.

त्यानंतर महिनाभर जे ई-मेल आले त्यांत मजकुराखाली फक्त फोटोच्या फाईलचे नाव आणि आकडा असे. फोटो नसे. आम्हाला वाटले, लोकांना जोडता येत नसेल. लोकांना वाटले, दुकानदाराने फोटो पाहिला आणि उत्तर दिले नाही. पुसदच्या एका गिऱ्हाइकाने दोन वेळा फोटो पाठवला आणि शेवटी माल दुसरीकडून घेतला. बाजारात भेट झाली तेव्हा ही गोष्ट कळली. भाच्याने त्या रात्री बसून शोध घेतला आणि सकाळी म्हणाला, "मामू, लिफाफ्यावर नाव लिहिले जात होते, आत काही टाकलेच जात नव्हते."

कारण समजून घेण्यासारखे आहे. वेबसाईटचा साधा फॉर्म फक्त अक्षरे पाठवण्यासाठी बनलेला असतो. नाव, गाव, मजकूर ही सगळी तो एकाच ओळीत गुंफून पाठवतो. अशा फॉर्मला फाईल दिली तर तो फाईलचे नाव तेवढे पाठवतो, फाईल जागच्या जागी राहते. फाईल पाठवायची असेल तर फॉर्मला आधी सांगावे लागते की आपण आता अनेक नगांची गाठ बांधणार आहोत. या पद्धतीला 'मल्टिपार्ट फॉर्म-डेटा' म्हणतात आणि फॉर्म पाठवण्याची रीतही 'पोस्ट' हीच ठेवावी लागते. फॉर्मच्या पहिल्या ओळीत ही एवढी सूचना लिहायची राहिली होती.

ट्रान्सपोर्टच्या गाठीत तीन दुकानदारांचा माल असेल तर मध्ये पट्टी घालून प्रत्येकाचा माल वेगळा करतात, तसेच इथे होते. ब्राउझर स्वतःच आकड्या-अक्षरांची एक अशी खूण तयार करतो जी आतल्या मालात कुठेही सापडणार नाही, आणि ती खूण प्रत्येक दोन नगांच्या मध्ये घालतो. पलीकडचा सर्व्हर त्या खुणा पाहून गाठ सोडतो : हे नाव, हे गाव, हा फोटो.

ही पद्धत आली कुठून

ई-मेल जुना आहे, पण त्याला चित्र जोडण्याची सर्वमान्य पद्धत तितकी जुनी नाही. प्रारंभीची ई-मेल व्यवस्था केवळ साध्या इंग्रजी अक्षरांसाठी होती. तिच्यात चित्र जात नसे, आवाज जात नसे, आणि आपली उर्दू वा मराठी अक्षरेही जात नसत. अमेरिकेतील बेलकोर या संस्थेतील नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि त्यांचे सहकारी नेड फ्रीड यांनी यावर 'माईम' नावाची पद्धत बसवली. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीचा पहिला जोड असलेला ई-मेल पाठवला. त्यांच्या हौशी गायक चौकडीचा फोटो आणि गाण्याचा आवाज त्यात होता. जून १९९२ मध्ये या पद्धतीचे नियम प्रसिद्ध झाले. आज ई-मेलमध्ये उर्दू आणि मराठी सुखाने लिहिता येते, त्यातही याच पद्धतीचा हात आहे.

वेबसाईटच्या फॉर्मवरून फाईल पाठवण्याचे नियम नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या एर्नेस्टो नेबेल व लॅरी मासिंटर यांनी मांडले. गाठीत पट्टी घालण्याची रीत त्यांनी ई-मेलच्या माईमवरूनच घेतली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते. म्हणजे आपल्याकडे इंटरनेट आले आणि फॉर्मला टाचणी मिळाली, या गोष्टी एकाच वर्षीच्या.

माल दोन टप्प्यांत येतो

आमच्या लक्षात न आलेली मुख्य गोष्ट ही की फोटो थेट आपल्या ई-मेलमध्ये येत नाही. मालेगाव-भिवंडीचा माल आधी ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतो, मग बिल्टी दाखवून हातगाडीने दुकानात येतो. तसेच हे आहे. पहिला टप्पा गिऱ्हाइकाच्या मोबाईलपासून वेबसाईटच्या सर्व्हरपर्यंत. दुसरा टप्पा सर्व्हरपासून आपल्या ई-मेलपर्यंत. माल कोणत्याही टप्प्यावर अडकू शकतो, आणि अडकल्याचे गिऱ्हाइकाला कळत नाही.

पहिल्या टप्प्यावर वजनाची मर्यादा असते. बहुतेक छोट्या वेबसाईट ज्या पीएचपी भाषेवर चालतात, तिच्यात मुळात एका फाईलसाठी २ एमबी आणि संपूर्ण फॉर्मसाठी ८ एमबी अशी मर्यादा ठरलेली असते. सर्व्हरवाल्याने ती बदलली नसेल तर तीच लागू. आताच्या मोबाईलचा फोटो सहज ३-४ एमबीचा असतो. असा एक फोटो जोडला तर मजकूर येतो, फोटो येत नाही. तीन-चार फोटो जोडून एकूण वजन ८ एमबीच्या वर गेले तर आणखी वाईट : सर्व्हर सगळा फॉर्मच टाकून देतो, नाव आणि मोबाईल नंबरही हाती लागत नाही. आम्हाला असे कोरे ई-मेल आले आणि आम्ही ते कोणाचा तरी खोडसाळपणा समजून पुसून टाकले. ती कोणाची तरी ऑर्डर होती.

यावर दोन उपाय आहेत. सर्व्हरवर मर्यादा वाढवून घ्यावी, आणि फोटो पाठवण्यापूर्वी गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्येच त्याचा आकार कमी होईल अशी व्यवस्था करावी. दुसरा उपाय आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. झरी-जामणी किंवा मारेगावकडच्या एखाद्या गावातून, रेंज येत-जात असताना, १२ एमबी पाठवायला लावणे म्हणजे गिऱ्हाइकाला परत पाठवण्यासारखेच आहे. चौकडीची रेघ दिसायला अर्ध्या एमबीचा फोटो पुष्कळ होतो.

दुसऱ्या टप्प्यावर वजन वाढते. ई-मेलमधून चित्र जाताना ते अक्षरांच्या रूपात उतरवले जाते आणि त्यात मूळच्या तीन भागांचे चार भाग होतात. म्हणजे १५ एमबीची फाईल ई-मेलमध्ये सुमारे २० एमबी भरते. जीमेलवरून पाठवताना २५ एमबीची मर्यादा आहे. इतर ठिकाणी ती याहून कमीही असू शकते. म्हणून मोठ्या फाईली ई-मेलला न जोडता सर्व्हरवरच कुलूपबंद ठेवाव्यात आणि ई-मेलमध्ये त्यांचा दुवा तेवढा यावा, हे बरे.

ज्यांची वेबसाईट वर्डप्रेसवर आहे त्यांच्यापैकी बरेच जण 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' हे तयार साधन वापरतात. त्यांनी एक ध्यानात ठेवावे. त्यात फॉर्मवर फाईलची जागा करणे हे एक काम आणि 'मेल' या भागात 'फाईल अटॅचमेंट्स'च्या रकान्यात त्या जागेचे नाव लिहिणे हे दुसरे काम आहे. दुसरे राहिले तर फाईल सर्व्हरवर येते, ई-मेलला जोडली जात नाही आणि नंतर आपोआप पुसली जाते. तिथेही वेगळे न सांगितल्यास एका फाईलला १ एमबीची मर्यादा असते.

आणखी एक कारण ई-मेल न पोहोचण्याचे. काही फॉर्म असे बनवलेले असतात की ई-मेल जणू गिऱ्हाइकाच्या पत्त्यावरून आला असे दिसते. जीमेलसारख्या सेवा याला तोतयेगिरी समजतात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून त्यांचे नियम अधिक कडक झाले आहेत. पाठवणारा म्हणून आपल्याच वेबसाईटचा पत्ता असावा आणि गिऱ्हाइकाचा पत्ता 'उत्तर येथे द्यावे' या जागी असावा. नाहीतर ऑर्डर स्पॅममध्ये जाऊन पडते.

दार उघडले की चोरही येतो

फाईल घेणे म्हणजे दुकानाच्या गोदामाचे दार रस्त्यावर उघडणे. ४ मे २००० रोजी 'आय लव्ह यू' नावाचा विषाणू जगभर पसरला तो ई-मेलला जोडलेल्या फाईलीतूनच. तिच्या नावात शेवटून दुसरे अक्षरगट 'टीएक्सटी' असे होते, त्यामुळे ती साधी चिठ्ठी वाटे. खरे शेपूट त्याच्याही मागे होते. लोकांनी चिठ्ठी म्हणून उघडली आणि संगणकातल्या फाईली नष्ट झाल्या.

फॉर्मच्या बाबतीत धोका याहून जवळचा आहे. कोणी फोटो म्हणून पीएचपीची फाईल पाठवली आणि ती सर्व्हरवर चालू शकेल अशा जागी पडली, तर सबंध वेबसाईट त्याच्या ताब्यात जाऊ शकते. वर सांगितलेल्या 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' मध्येही फाईलच्या नावाच्या तपासणीत अशी एक फट सापडली होती. डिसेंबर २०२० मध्ये सुधारित आवृत्ती काढून ती बुजवली गेली. त्या वेळी ते साधन ५० लाखांहून अधिक वेबसाईटवर होते. ज्यांनी आवृत्ती बदलली ते सुटले. साधन चांगले असणे पुरेसे नाही, ते वेळोवेळी अद्ययावत करणेही आपलेच काम आहे.

म्हणून फॉर्मवर फक्त जेपीजी, पीएनजी आणि पीडीएफ एवढेच घ्यावे. नावावर विश्वास न ठेवता आत खरोखर चित्र आहे का हे सर्व्हरने तपासावे. आलेल्या फाईलीला आपला क्रमांक देऊन नवे नाव द्यावे आणि ती वेबसाईटवरून कोणालाही थेट उघडता येणार नाही अशा ठिकाणी ठेवावी. काही आयफोन 'हेइक' या वेगळ्या प्रकारात फोटो काढतात. फाईल नाकारली तर का नाकारली हे गिऱ्हाइकाला मराठीत स्पष्ट सांगावे.

गिऱ्हाइकाचे कागद ही अमानत आहे

फाईल जोडण्याची सोय झाली की लोक मागितले नसताही कागद जोडतात. आम्हाला आधार कार्ड आले, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आले. आणि काही दुकानदार तर ते मागतातच. कापड विकायला आधार कशाला हवे? पक्क्या बिलासाठी जीएसटीचा १५ अंकी-अक्षरी नंबर पुरतो, आणि तो खरा आहे की नाही हे जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. प्रमाणपत्राची प्रत मागण्याची गरज नाही. सरकारनेही जिथे शक्य झाले तिथे कागद मागणे सोडले आहे : १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या उद्यम नोंदणीत उद्योजकाला एकही कागद अपलोड करावा लागत नाही.

एखाद्या कामासाठी आधार घ्यावेच लागले तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारे मास्क्ड आधार मागावे. २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे. तो नसता तरी हिशेब हाच होता. ज्याने विश्वासाने कागद दिला त्याचा कागद काम होईपर्यंत जपावा आणि काम झाल्यावर पुसावा. आम्ही आता ऑर्डर पूर्ण झाल्यावर फाईली पुसतो, नमुन्याचा फोटो तेवढा ठेवतो, कारण पुढच्या वर्षी त्याच शाळेचे कापड पुन्हा लागते.

व्हॉट्सअॅप असताना हे कशाला?

हा प्रश्न आमच्या गल्लीतल्या प्रत्येक व्यापाऱ्याने विचारला. प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळ गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवरच फोटो पाठवील हेही खरे. परंतु आमच्या दुकानात तीन मोबाईल आहेत. फोटो एकावर येतो, पन्ना दुसऱ्यावर विचारला जातो, मीटर फोनवर सांगितले जातात आणि दिवाळीच्या गर्दीत कोणता फोटो कोणाचा हे कळेनासे होते. फॉर्ममध्ये नाव, गाव, मीटर, पन्ना आणि फोटो एकाच गाठीत येतात आणि त्यावर क्रमांक पडतो. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला तो क्रमांक म्हणजे पावती असते. शिंपी, जरीकाम करणारे, सुतार, लोहार, पुस्तक बांधणारे, ज्यांचे काम नमुन्यावरून होते त्या सर्वांना याचा उपयोग आहे.

एक मात्र ध्यानात असू द्यावे. फोटोत पोत येत नाही, वजन येत नाही आणि रंगही पूर्ण खरा येत नाही. म्हणून आम्ही फॉर्मवर लिहिले आहे की कापड दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. कागद पांढरा दिसला तर रंगावर विश्वास ठेवता येतो आणि पट्टीवरून चौकडी मोजता येते. मोठी ऑर्डर असेल तर फोटोवरून आम्ही दोन-तीन नमुने निवडतो, त्यांचे तुकडे पोस्टाने पाठवतो आणि 'हाच' असे उत्तर आल्याशिवाय ताका फाडत नाही.

सोय केल्यावर काय पाहावे

ज्या बांधवांना ही सोय करून घ्यायची आहे त्यांनी काम करणाऱ्या मुलाकडून पुढील गोष्टी स्वतःसमोर बसून करून घ्याव्यात.

१. आपल्या मोबाईलवरून फॉर्म भरून एक लहान फोटो पाठवावा. ई-मेलमध्ये तो उघडतो का, हे पाहावे. नाव दिसले म्हणून समाधान मानू नये.

२. मग तीन मोठे फोटो एकदम पाठवावेत. ते आले तर उत्तम. न आले तर फॉर्मने स्पष्ट सांगितले पाहिजे की फोटो मोठे आहेत.

३. चुकीच्या प्रकारची फाईल पाठवून पाहावी. ती नाकारली गेली पाहिजे.

४. जीमेल नसलेल्या दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरूनही फॉर्म भरावा आणि स्पॅमची पेटी उघडून पाहावी.

५. फोटो मिळाल्यावर गिऱ्हाइकाला 'आपला मजकूर व २ फोटो मिळाले, क्रमांक अमुक' असे उत्तर आपोआप गेले पाहिजे. नुसते 'धन्यवाद' पुरेसे नाही. ते तर आमचा फॉर्म फोटो गमावत असतानाही म्हणत होता.

६. दर महिन्याला हीच चाचणी पुन्हा करावी. सर्व्हर बदलतो, आवृत्ती बदलते आणि चालू असलेली गोष्ट गुपचूप बंद पडते.

यापैकी पाचवी गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. ट्रान्सपोर्टवाला माल मिळाल्याशिवाय बिल्टीवर सही करीत नाही. मग आपला फॉर्म फाईल मिळाल्याशिवाय 'मिळाले' का म्हणतो?

गेल्या हंगामात दारव्ह्याच्या त्याच मास्टरांनी फॉर्म भरला. सोबत जुन्या शर्टाचा फोटो होता : पांढऱ्या कागदावर, शेजारी शिंप्याची टेप ठेवलेली. चौकडी मोजता येत होती. तरीही आम्ही दोन तुकडे पोस्टाने पाठवले. उत्तर आले, "पहिला नको, दुसरा. आता पाठवा." आम्ही १८० मीटर पाठवले आणि त्यातले एक मीटरही परत आले नाही.